घरकुलाच्या नकाशात म्हातारपण कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे जवळपास दहा टक्के होती, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. तरीही सरकारी घर म्हटले की आपली चर्चा चौरस फुटांवरच थांबते. म्हाताऱ्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. पायऱ्या किती? रात्री शौचालय किती लांब? घर कुणाच्या नावावर?

आपल्या वस्त्यांत सर्वांत परिचयाची योजना म्हणजे अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीची रमाई आवास. घर २६९ चौरस फुटांचे. एवढ्यातही दाराशी पायऱ्यांऐवजी उतार आणि शौचालयात धरायला दांडी बसू शकते. बांधकाम चालू असताना हे स्वस्तात होते, नंतर फोडाफोड करावी लागते. पण हप्ता सुटतो तो बांधकामाचा टप्पा पाहून. आजीला एकटीने आत-बाहेर करता येते का, हे कोण पाहतो?

शहरात प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारीतील घरांसाठी ज्येष्ठ व अपंग असलेल्या कुटुंबांना प्राधान्य, शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले, असे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. ते लेखी मागावे. वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना १६० ऐवजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सामाईक शौचालय सुटले, ही ज्येष्ठांसाठी क्षेत्रफळाहून मोठी गोष्ट. मात्र आता खाली उतरणे सर्वस्वी लिफ्टच्या भरवशावर.

ज्यांना घरच नाही त्यांचे काय? ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात, कलम १९ मध्ये, जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम आणि त्यात निदान १५० निराधारांची सोय, अशी तरतूद आहे. पण राज्य सरकार असे वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’ अशी भाषा आहे, ‘करील’ अशी नाही. सगळे या क्रियापदावर अडते.

जास्त उपयोगाचे कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरणाकडून तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. परंतु अट असल्याचे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. नुसते ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर बाजू लंगडी पडते. वस्तीत कुणी बक्षीसपत्र करायला निघाले, तर सही-अंगठ्याआधी तो मसुदा वाचायला मागून घ्या.