गोष्टीतला ‘तो’, गोष्टीतली ‘ती’ आणि वाचणाऱ्या आपण

‘इश्श, काय बाई तरी हे लिहितात! यांना दुसरे विषय मिळत नाहीत का?’ असे म्हणत म्हणतच आपण पान उलटतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन चौथी होते, तरी उठवत नाही. नवऱ्याचे बाहेर कुठे काही चालले आहे, किंवा चांगल्या सुखवस्तू घरातली सून भलत्याच माणसात गुंतली आहे, अशी कथा हातात पडली की चांगल्या शिकल्यासवरल्या बायकांचेही असेच होते. कुणी विचारलेच, तर ‘छे, सहज चाळत होते’ म्हणून मासिक उशीखाली जाते.

असे का व्हावे? ‘चावट गोष्टी आवडतात, दुसरं काय!’ हे काही त्याचे उत्तर नव्हे. तसे असते तर प्रेमाचे दोन-चार प्रसंग वाचून बाकीची पाने आपण ओलांडली असती. आपण करतो नेमके उलट. ते दोघे समुद्रावर भेटतात, हातात हात घेतात, ते सगळे आपण भरभर वाचतो. आणि ती धुवायला टाकण्यापूर्वी त्याच्या शर्टाचे खिसे तपासते, आणि आतून सिनेमाची दोन तिकिटे निघतात, तिथे मात्र श्वास रोखून थांबतो. म्हणजे आपल्याला धरून ठेवते ते पाप नव्हे. धरून ठेवते ते ‘कळणे’. कुणाला काय, किती आणि केव्हा कळले, यावरच या कथा उभ्या असतात.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका आठवा. 2016 ते 2021, जवळजवळ पाच वर्षे घरोघरी पाहिली गेली. गुरुनाथचे ऑफिसातल्या शनायाशी काय चालले आहे हे आपल्याला आधी कळले आणि राधिकेला मागाहून. मधल्या काळात ती बिचारी हौसेने त्याचा डबा भरते आहे, आणि इकडे सासूबाईंपासून नातीपर्यंत सगळ्याजणी ‘अगं, बघ ना जरा त्याच्याकडे!’ म्हणून पडद्याला ओरडून सांगताहेत! ज्याला सांगायला हवे त्याला सांगता येत नाही, असे गुपित कथा आपल्या पदरात टाकते. बायकांना हे ओझे नवे नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या प्रत्येकीने कुणा ना कुणाचे असले काहीतरी ओठांआड ठेवलेले असते. कथा आपल्या त्या जुन्या सवयीलाच हात घालते, म्हणून इतकी जिव्हारी लागते.

आणि हे आजचे थोडेच आहे? जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज अशा माहाराष्ट्री प्राकृतातला ठेवा. तिच्यात शेतकऱ्यांच्या बायका आहेत, परदेशी गेलेल्या नवऱ्यांची वाट पाहणाऱ्या आहेत आणि चोरून दुसऱ्याला भेटणाऱ्याही आहेत. एका गाथेत घरातली तरुणी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे निजते, आपण कुठे निजतो ते नीट दाखवून ठेवते. वर वर पाहता हा इशारा: अंधारात चुकून इकडे धडपडू नकोस, बाबा. खरा अर्थ काय ते त्या वाटसरूला कळले, आणि वाचणारीला कळले! नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त शब्दांच्या आड दडलेला अर्थ समजावून सांगायला हेच उदाहरण घेतले. गंमत पाहा, अर्थ आपणच पुरा करायचा असतो, म्हणजे तिच्या कटात आपणही सामील! सासू तेवढी गाढ झोपलेली.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रात यासाठी एक छान शब्द आहे, साधारणीकरण. भट्टनायकाने तो मांडला. रंगमंचावरचे दुःख पाहताना ‘हे माझे’ असेही वाटत नाही आणि ‘हे परक्याचे’ असेही वाटत नाही. दोन्ही कुंपणे तेवढ्यापुरती गळून पडतात. म्हणून ते सोसवते. शेजारणीच्या नवऱ्याबद्दल ऐकले की आपण एक तर कीव करतो, नाहीतर नावे ठेवतो. कथेत तसे होत नाही. तिथे आपण फसलेल्या बायकोच्या जागी बसतो, आणि चार पानांनी, नकळत, फसवणाऱ्या बाईच्याही. आणि हे चालू असताना मनातल्या मनात आपल्या घराचा जमाखर्च मांडला जातो. आपल्याशी तो शेवटचे मनमोकळे कधी बोलला? मीच त्याला कधी विचारले? हा प्रश्न कुणाला मोठ्याने विचारायची सोय नसते. आईला विचारावा तर ती काळजी करणार, मैत्रिणीला विचारावा तर चार घरी जाणार. पुस्तक कुणाला सांगत नाही.

दुसरीच्या जागी बसवण्याची ही ताकद काही लोकांना फार धोक्याची वाटली आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर या लेखकाची ‘मादाम बोव्हारी’ 1856 साली एका नियतकालिकातून क्रमशः आली. गावातल्या साध्याभोळ्या डॉक्टरची बायको एम्मा. कादंबऱ्या वाचवाचून तिला संसार बेचव वाटू लागतो आणि ती एकामागून एक दोघांच्या नादी लागते. लगेच खटला भरला गेला. सरकारी वकिलाची मुख्य तक्रार काय असावी? या पुस्तकात एम्माला खाली मान घालायला लावील असे एकही पात्र नाही! 7 फेब्रुवारी 1857 रोजी लेखक निर्दोष सुटला. वकिलाचे निदान मात्र चुकले नव्हते. फ्लोबेर एम्माला शिव्या देत नाही की तिची बाजूही घेत नाही. तो तिचे विचार अशा रीतीने लिहितो की ते आपल्याच डोक्यात उमटल्यासारखे वाटतात. निवाडा आपल्यावर येऊन पडतो, आणि तो करताना आपली तारांबळ उडते.

इकडे आपल्या देशात त्याच सुमारास, 1860 साली, भारतीय दंडसंहिता आली. तिच्या 497 व्या कलमाप्रमाणे परपुरुषाला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शके, पण नवऱ्याची संमती असेल तर मुळी गुन्हाच नाही! बाईवर खटला नाही, आणि ज्याचा पाय घसरला त्याच्या बायकोला फिर्याद करायचीही सोय नाही. तिच्या मनात काय होते, हे विचारायचे कायद्याला कारणच पडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या सप्टेंबरमध्ये हे कलम रद्द केले. कथाकारांनी मात्र तो प्रश्न फार आधी विचारला. रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ 1901 ची. नवरा भूपती आपल्या वर्तमानपत्रात बुडालेला, चारू घरात एकटी, आणि लिहिण्यावाचण्याची गोडी असलेला तरुण दीर अमल. तिथे कायद्याच्या दृष्टीने काहीच घडत नाही. तरी घरटे मोडते. सत्यजित राय यांचा 1964 चा ‘चारुलता’ यावरच बेतलेला. मला विचाराल तर या विषयावर याहून हळुवार काही नाही.

पूर्वी या कथांचा शेवट ठरलेला असे. चुकली ती बाई असेल तर मरण. एम्मा विष घेते, टॉल्स्टॉयची अॅना आगगाडीखाली जाते. पुरुष असेल तर तो घरी परत येतो आणि बायको डोळे पुसून पान वाढते. 1982 साली मात्र दोन चित्रपटांनी हे पान वाढायचे नाकारले. ‘अर्थ’मध्ये नवरा माफी मागायला येतो तेव्हा पूजा एवढेच विचारते, की हेच मी केले असते तर तू मला परत घेतले असतेस का? उत्तर ‘नाही’ येते आणि विषय संपतो. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त सुलभा नोकरीहून घरी परतते, नवऱ्याचे दुसरीशी संबंध आहेत हे तिला कळते आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. ‘पुढं काय होणार तिचं?’ हा प्रश्न तो पाहणाऱ्या बायका घरी घेऊन गेल्या असतील. ‘त्याला पकडलं का?’ यापेक्षा हा प्रश्न किती वेगळा!

एक मात्र सांगायला हवे. कथेतल्या खिशातली तिकिटे लेखकाने मुद्दाम ठेवलेली असतात. आपल्या ‘ह्यां’च्या खिशातले तिकीट बहुधा लोकलचेच असते. गोष्ट वाचून संशय उसना घेऊ नये. आणि खरोखरच तशी वेळ कुणावर आली, तर घर कुणाच्या नावावर आहे, बँकेचे पासबुक कुणाजवळ आहे, मुलांची फी कोण भरणार, हे कथा फारसे सांगत नाही. ते वकिलालाच विचारावे.

पण वाचणारी बाई कशी असते, हे पाहायचे असेल तर ‘अॅना कॅरेनिना’ उघडा. लोकांच्या लक्षात अॅना राहते, पण कादंबरी सुरू होते ती डॉलीच्या घरात. डॉलीच्या नवऱ्याने मुलांच्या पूर्वीच्या शिक्षिकेशी भानगड केलेली, चिठ्ठी सापडलेली, घरात अबोला. नणंद असलेली अॅना येते आणि डॉलीची समजूत घालून तो संसार सावरते. पुढे अॅनाच घर सोडून व्रॉन्स्कीबरोबर राहू लागते. मोठ्या घरांतल्या बायका तिच्याकडे जात नाहीत, पण डॉली जाते. ही बाई एरवी बाळंतपणे, मुलांची आजारपणे आणि पैशाची ओढाताण यांतून डोके वर काढू न शकणारी. गाडीत बसल्यावर कितीतरी दिवसांनी तिला स्वतःशी बोलायला वेळ मिळतो. आणि ती काय करते? अॅनाने केले ते काय वाईट केले, असे म्हणता म्हणता आपलेही असेच एक प्रेमप्रकरण मनात रचू लागते. कोण तो, ते नक्की नाही; पण नवऱ्याला आपण सगळे सांगतो आहोत आणि त्याचा चेहरा कसा झाला आहे, ते मात्र तिला स्पष्ट दिसते, आणि ती गालात हसते!

अॅनाच्या त्या श्रीमंती घरात पोचल्यावर डॉलीला आपल्या ठिगळ लावलेल्या झग्याची मोलकरणीसमोर लाज वाटते. रात्रीपर्यंत तिला मुलांची इतकी आठवण येऊ लागते की दुसऱ्या दिवशीच ती परत निघते. घरी आल्यावर ती सगळ्यांना तिकडच्या गोष्टी उत्साहाने सांगते, आणि अॅनाविरुद्ध कुणाला एक शब्दही बोलू देत नाही.