सोसायटी नसलेले घर

तालुक्याच्या गावी घर घ्यायचे म्हटले की शहरातल्या माणसाच्या तोंडी पहिले वाक्य येते ते हेच : “तिथे मेंटेनन्स नाही!” जिन्यातल्या दिव्याचे बिल नाही, रखवालदाराचा पगार नाही, पार्किंगवरून तीन तीन तास चालणारी सभा नाही. डोंबिवलीचा फ्लॅट विकून वाईला जायचे आम्ही ठरवले, तेव्हा आमच्या घरातही याच वाक्याचे पारायण चालले होते. सोसायटी महिन्याला ३,६०० रुपये घेई. ह्यांची नोकरी संपली आणि तो आकडा डोळ्यांत खुपू लागला.

पण ते पैसे जात कुठे होते, हे पावती उलटून एकदा पाहावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी सभासदांकडून घ्यावयाचे असतात. इमारत म्हातारी होणार हे त्यात आधीच धरलेले असते. स्वतंत्र घरही म्हातारे होतेच. त्याची आठवण करून द्यायला सेक्रेटरी नसतो, एवढेच. म्हणून हिशेबाच्या वहीत मी ‘घराचा निधी’ असे एक पान घर घेण्याआधीच उघडून ठेवले. हे हसले. हसू देत!

वाई हे ह्यांचे आजोळ. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, हळदीचा व्यापार, विश्वकोशाचे कार्यालय, सारेच ओळखीचे. दलालाने आधी गावाबाहेरची स्वस्त जागा दाखवली. सातबाऱ्यावर ती शेतजमीन निघाली. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला अशी जमीन सहसा परवानगीवाचून घेता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला. मग नदीजवळचे एक घर पाहिले. नदीकाठच्या गावात घर घेणाऱ्याने पूररेषा विचारावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नव्या बांधकामावर बंधने असतात. ऐन उन्हाळ्यात पात्रातले पाणी पाहून याची कल्पना येत नाही.

तिसरे घर मात्र मनात भरले. दगडी जोते, मंगळुरी कौले, परसात आड आणि त्याशेजारी प्राजक्त. ह्यांनी तर झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवून टाकले. विकणारे तिघे भाऊ. त्यांनी घरपट्टीचा उतारा पुढे केला. आम्ही गाठलेले वकीलसाहेब तो पाहून म्हणाले, “वहिनी, घरपट्टी कोण भरतो ते यावरून कळते. घर कोणाचे ते कळत नाही.” मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली, दुय्यम निबंधकांकडे तीस वर्षांचा शोध घेतला. घर वडिलांचे, वडील वारलेले, मृत्युपत्र नाही, पत्रिकेवर तिघा मुलांची नावे. आणि मुली? दोन होत्या. एक कऱ्हाडला, एक इंदूरला.

“बहिणी काही मागणार नाहीत, त्यांचे लग्नातच केले आहे,” दलाल म्हणाला. आठ दिवसांत दोन लाख विसार द्या, गिऱ्हाईक थांबलेले आहे, असेही म्हणाला. वकीलसाहेबांनी समजावले की वडिलांच्या घरात मुलींचा हिस्सा असतो. त्यांनी एक तर खरेदीखतावर सही करावी, नाही तर नोंदलेले हक्कसोडपत्र द्यावे. नुसत्या भावांचे हिस्से घेतले, तर कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला एकत्र ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावावा लागतो. निवृत्तीची पुंजी घालून दावा विकत घ्यायचा!

ह्यांना हे सारे फाटे वाटत होते. मी मात्र दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कऱ्हाडला गेले. माहेरच्या घराचे हक्कसोडपत्र मीही एकदा सही करून दिलेले आहे. पण मला विचारून, बसवून, वाचून दाखवून. त्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, “पैशाचे राहू द्या हो. घर विकायला काढले, हे मला तुमच्याकडून कळते आहे!” पुढे त्या काही बोलल्या नाहीत. मीही निघाले.

आम्ही विसार दिला नाही. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चार महिन्यांनी एका निवृत्त गुरुजींचे लहानसे घर मिळाले. त्यांनी स्वतः १९८६ साली नोंदलेल्या खताने घेतलेले, पत्रिकेवर त्यांचे एकट्याचे नाव. त्यांच्या मुलीच्या सहीची कायद्याने गरज नव्हती. तरी ती आवर्जून आली आणि साक्षीदार म्हणून सही करून गेली.

आता पहिल्या वर्षाचा हिशेब. कौले शाकारणी ८,०००, दोन वासे आणि पन्हळ ११,५००, वाळवीचे औषध ६,०००, आड उपसणे ३,०००, पंप ९,०००, घरपट्टी व पाणीपट्टी मिळून ४,०००. एकूण ४१,५००. डोंबिवलीला वर्षाचे ४३,२०० भरत होतो! ह्यांनी बेरीज दोनदा तपासली. दुसऱ्या वर्षी खर्च निम्म्यावर आला हे खरे. पण वासे अजून आठ जुने आहेत, आणि वहीतले ते पान मी बंद केलेले नाही.

पैशांत न मांडता येणारा खर्चही असतो. पावसाळ्यात रात्री कुठे ठिबकले तर पातेले घेऊन आपणच उठावे लागते. चार दिवस मुलाकडे जायचे तर किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवावी लागते, आणि त्या गावाला गेल्या की त्यांच्या तुळशीला पाणी आपण घालावे लागते. याची पावती कोणी फाडत नाही, पण हप्ता चुकवून चालत नाही.

यंदा परसातली सामाईक भिंत फुगली आहे. काकूंचे म्हणणे, विटांची नवी बांधावी. ह्यांचे म्हणणे, नुसता गिलावा पुरे. खर्च निम्मा निम्मा, यावर एकमत झाले आहे. बाकीच्या मुद्द्यांवर काकूंच्या ओट्यावर तीन बैठका झाल्या. इतिवृत्त कोणी लिहीत नाही, त्यामुळे मागच्या बैठकीत काय ठरले यावरच पुढची निम्मी जाते. गवंड्याला दिवाळीनंतर बोलावले आहे.