‘पोर जेवत नाही’ : भुकेच्या बाटलीपूर्वीचे काही प्रश्न

बालरुग्णांच्या तक्रारींमध्ये सर्दी-खोकल्याच्या खालोखाल ऐकू येणारे वाक्य कोणते, असे विचारल्यास बहुतेक वैद्य एकच उत्तर देतील : “डॉक्टर, पोर काही खातच नाही, भुकेचे काहीतरी द्या.” हे वाक्य चिकित्सालयात ऐकू येते, तसेच औषधालयाच्या काउंटरवरही ऐकू येते. पुष्कळदा वैद्याच्या सल्ल्यावाचूनच पाचक सायरपची एक बाटली घरी जाते. ती देणे सोपे असते. आईला दिलासा मिळतो, आजीचे समाधान होते आणि आपलाही वेळ वाचतो. मात्र त्या बाटलीमुळे मूळ प्रश्न सुटतो की झाकला जातो, याचा विचार आपण वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी करावयास हवा.

काही काळापूर्वी सव्वादोन वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई व आजी आल्या. मुलगी चपळ, डोळे तेजस्वी, वजन अकरा किलो, म्हणजे वयाच्या मानाने ठीक. तरीही आजींची तक्रार होती, “चार दिवसांत पोळीचा तुकडा तोंडात गेला नाही.” मी औषध न लिहिता एक कोरा कागद दिला आणि आदल्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत मुलीच्या पोटात जे जे गेले ते लिहावयास सांगितले. कागद भरला तेव्हा उलगडा झाला. बाटलीने पाच वेळा मिळून जवळजवळ एक लिटर म्हशीचे दूध, प्रत्येक वेळी साखर. दुपारी चहात बुडवून चार बिस्किटे. संध्याकाळी कुरकुऱ्यांचे एक पाकीट. एक ते तीन वर्षांच्या बालकाची दिवसाची ऊर्जेची गरज सुमारे हजार-अकराशे कॅलरी असते आणि एक लिटर म्हशीचे दूध जवळजवळ तेवढीच ऊर्जा देते. “आजी, नात उपाशी नाही, तिचे पोट भरलेले आहे,” असे मी म्हणालो. ज्याला आपण अग्निमांद्य समजत होतो ते प्रत्यक्षात अध्यशन होते. पहिले पचण्यापूर्वीच दुसरे पोटात जात होते.

ग्रंथांतील दिशा

सुश्रुताचार्यांनी बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग केले आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद. दूध मागे पडून अन्न पुढे येण्याचा हा क्रम आहे. आजच्या घरांत दोन वर्षांनंतरही मूल क्षीरपच राहते आणि मग ते अन्नाद का होत नाही म्हणून आपण चिंता करतो. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यातच लघु व हितकर अन्न सुरू करावयास सांगितले आहे. सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर पूरक आहार, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सुश्रुतमताशी जुळते, आणि पोषणाच्या दृष्टीने तीच पाळावी.

निदान करताना आणखी एक सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. अन्न तोंडात गेल्यावर रुचत नाही तो अरोचक. अन्नाच्या स्मरणाने, दर्शनाने किंवा स्पर्शानेच तिटकारा येतो तो भक्तद्वेष. भय-क्रोधादींमुळे खाण्याची इच्छाच होत नाही तो अभक्तच्छंद. टीकाकारांनी केलेला हा भेद बालकांना तंतोतंत लागू पडतो. ताट पाहताच तोंड फिरवणाऱ्या मुलाला जबरदस्तीने भरवले की त्याचा अरोचक भक्तद्वेषात बदलतो. मानस अरोचकात चरकाचार्यांनी हर्षण, म्हणजे मन प्रसन्न करणे, हा उपाय सांगितला आहे; नाक दाबून तोंड उघडणे हा उपाय कोठेही सांगितलेला नाही.

वाढीचे गणित पालकांना सांगावे

जन्मतः तीन किलोचे मूल वर्षाचे होताना सुमारे नऊ किलोचे होते, म्हणजे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. हा रोग नव्हे. याच सुमारास मूल चालू लागते, ‘नको’ म्हणावयास शिकते आणि अनोळखी पदार्थाला भिते. नवा पदार्थ स्वीकारावयास काही मुलांना दहा-पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. आपण दोन वेळा वाढून ‘हिला भोपळा आवडत नाही’ असा निकाल देतो. एवढे पाच मिनिटांत समजावले, तरी निम्म्या घरांतील ताण उतरतो असा माझा अनुभव आहे.

माझी एक चूक

सर्वच ‘न खाणारी’ मुले मात्र निरोगी नसतात, हे मला एका चुकीने शिकविले. दीड वर्षाच्या एका मुलाला मी दोन वेळा पाचक औषध दिले. आईने जाता जाता सांगितले होते की तो भिंतीचे पोपडे खातो. मी हसून सोडून दिले. तिसऱ्या खेपेस त्याच्या पांढुरक्या तळहातांकडे लक्ष गेले आणि रक्त तपासले. हिमोग्लोबिन ६.८ होते. मृद्भक्षणजन्य पांडू आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलेला असतो. समोर आला तेव्हा मी तो ओळखला नाही. त्याच दिवशी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले; लोहाची चिकित्सा व आहारबदल यांनी तो सुधारला. पण माझ्या त्या दोन बाटल्यांत त्याचे दीड महिने गेले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. दुधात लोह अत्यल्प असते आणि चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. म्हणून दुधावर व चहा-बिस्किटांवर वाढणारे मूल पांडुतेकडे जाते. पांडुतेने भूक मंदावते. भूक नाही म्हणून पुन्हा दूधच दिले जाते. हे चक्र तोडणे हीच खरी चिकित्सा होय.

आहारविधी घरच्या भाषेत

चरकाचार्यांची आठ आहारविधिविशेषायतने पालकांना सूत्ररूपाने सांगून उपयोग नाही. ती घरच्या भाषेत उतरवावी लागतात.

काल : दिवसात तीन जेवणे व दोन मधली खाणी, मध्ये अडीच-तीन तासांचे अंतर. त्या अंतरात पाण्याखेरीज काही नाही. दूध दिवसाकाठी दोन कप पुरे, तेही पेल्याने. बाटली बंद करावी.

राशी : प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा, एवढाच प्रथम वाढावा. मोठ्यांच्या मापाने भरलेले ताट पाहूनच मूल दडपते. मागितल्यास पुन्हा वाढावे.

प्रकृती व करण : मऊ भात, मेतकूट व तूप, मुगाचे कढण, मुगाचे धिरडे, भाजणीचे लहानसे थालीपीठ, भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे सत्त्व, साळीच्या लाह्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाजारातील महागड्या भुकटीपेक्षा ती स्वस्त व सकस आहे. पालेभाजी धिरड्यात चिरून घालावी, पण तिचे नाव लपवू नये. वर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण वाढते. अख्खे शेंगदाणे व फुटाणे श्वासनलिकेत अडकण्याची भीती असल्याने ते कूट करूनच द्यावेत.

उपयोगसंस्था : न बोलता, न हसता, तन्मनाने जेवावे असा आपला नियम आहे. मोबाईल दाखवून भरविलेले मूल किती खाल्ले हे स्वतः जाणत नाही. त्याला तृप्तीची ओळखच होत नाही. मूल सर्वांच्या पंगतीत बसावे, स्वतःच्या हाताने सांडत खावे, आणि अर्ध्या तासात ताट न रागावता उचलावे.

उपयोक्ता : काय, केव्हा व कोठे द्यावयाचे हे घराने ठरवावे, किती खावयाचे हे मुलाने. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही विभागणी आपल्या उपयोक्त्याच्या विचाराशी सुसंगत आहे.

औषधाचे स्थान

साम जिव्हा, मलावष्टंभ, आध्मान किंवा ज्वरानंतरचे खरे अग्निमांद्य असेल तर दीपन-पाचन अवश्य द्यावे. पहिल्या घासाला तुपाबरोबर चिमूटभर हिंग्वाष्टक, लक्षणानुसार बालचातुर्भद्र, अशी साधी योजना थोडे दिवस पुरते. मलावष्टंभ तर आवर्जून विचारावा. त्याने भूक गेलेली मुले पुष्कळ असतात. कृमीचा इतिहास घ्यावा. एक वर्षाखालील बालकास मध चाटवू नये. त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो. अनुपान म्हणूनही अपवाद करू नये.

वजन घटणे किंवा महिनोन्‌महिने न वाढणे, तळहात पांढुरके असणे, वारंवार उलट्या किंवा अतिसार, गिळताना ठसका, घरात क्षयाचा रुग्ण, बोलण्यात व नजर देण्यात मागे असलेले मूल, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषण होय. मोजपट्टी प्रत्येक चिकित्सालयात हवी. माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा आलेखही मागून पाहावा.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

आपल्या काउंटरवर येणारी आई पुष्कळदा वैद्याकडे जाण्यापूर्वी आपल्याकडे येते. तिला तीन प्रश्न विचारावेत : दिवसाला दूध किती? माती, खडू, पोपडे खाते का? गेल्या तीन महिन्यांत वजन वाढले का? उत्तरे शंकास्पद असल्यास बाटलीऐवजी वैद्याचा पत्ता द्यावा. औषध नियम, १९४५ मधील अनुसूची ई-१ मध्ये येणारी द्रव्ये असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. लहान मुलांसाठी ते नुसत्या सांगण्यावरून देऊ नयेत. एका बाटलीची विक्री कमी होईल, पण ते घर वर्षानुवर्षे आपल्याकडे विश्वासाने येईल.

त्या सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या घरी बाटली बंद झाली. पहिले तीन दिवस रडारड झाली, आजींचे माझ्याविषयीचे मतही बिघडले. चौथ्या दिवशी मुलीने आजोबांच्या ताटातील मेतकूट-भात ओढून घेतला. पंधरा दिवसांनी आजी पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, औषध तर तुम्ही दिलेच नाही!” काश्यपांनी आहारालाच महाभैषज्य म्हटले आहे. आजींना मी तेच सांगितले.