खडकाळ काचपेटी : म्बुना माशांसाठी दगडांची रचना

चिलापी हा मासा महाराष्ट्रातील धरणे, तलाव व नद्या यांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. तो मूळचा येथला नव्हे. आग्नेय आफ्रिकेतील नद्यांत राहणारा हा मासा १९५२ साली श्रीलंकेतून भारतात आणण्यात आला. ज्या मत्स्यकुळात त्याची गणना होते, त्यास सिक्लिड असे नाव आहे. गोव्याच्या खाड्यांत सापडणारे कालुंदर हेही याच कुळातील होय. या कुळाच्या शेकडो जाती पूर्व आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांत आढळतात. त्यांपैकी मलावी सरोवराच्या खडकाळ काठाने राहणाऱ्या लहान व रंगीत माशांना तेथील टोंगा लोक ‘म्बुना’ म्हणतात. शोभेच्या माशांच्या बाजारात त्यांना कायम मागणी असते व त्यांची पैदास आपल्या देशातही केली जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : “आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यात शोभेचे मासे जगतील काय?” पुष्कळ जातींच्या बाबतीत याचे उत्तर निराशाजनक असते. म्बुना माशांच्या बाबतीत मात्र ते तसे नाही. त्यांना किंचित अल्कधर्मी व जड पाणीच मानवते. पाण्याची अडचण नसतानाही पुष्कळांची पहिली पेटी फसते, आणि ती बहुधा दगडांमुळे फसते. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः दगडांचाच विचार केला आहे.

सरोवराचा काठ

मलावी सरोवर हे मलावी, मोझांबिक व टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेले आहे. त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक असून खोली सुमारे ७०० मीटर आहे. पाण्याचा सामू साधारणतः ७.७ ते ८.६ असतो. सरोवराच्या दक्षिण टोकाकडील केप मॅक्लिअरचा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला असून १९८४ साली त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

काठाला अनेक ठिकाणी मोठमोठे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पाण्यात उतरत गेलेले आहेत. पाणी नितळ असल्यामुळे सूर्यप्रकाश खोलवर जातो व दगडांवर शेवाळाचा दाट थर वाढतो. त्या थरात सूक्ष्म कीटक व अळ्या राहतात. म्बुना मासे हा थर दातांनी खरवडून खातात, कपारीत आश्रय घेतात आणि आपल्या कपारीपुढील जागेत दुसऱ्या नरास फिरकू देत नाहीत. मोकळ्या वाळूवरून लांब जाणे ते टाळतात. त्यामुळे दोन खडकांमध्ये वाळूचा रुंद पट्टा असेल, तर दोन्हीकडच्या माशांचा रंगदेखील निराळा होत गेलेला दिसतो. दगड हेच या माशाचे शेत, तेच घर आणि तोच बांध होय. बांधावरून होणारी भांडणे आपल्या वाचकांस नवी नाहीत. तशीच भांडणे पेटीतही होतात, आणि दगडांची रचना चुकल्यास त्यांचा शेवट दुबळ्या माशाच्या मृत्यूत होतो.

दगडांची निवड

आपल्याकडील काळा पाषाण या कामास उत्तम. ओढ्यातील गुळगुळीत गोटे माशांच्या अंगाला खरचटत नाहीत, परंतु एकावर एक नीट बसत नाहीत. म्हणून तळाला चपटे, रुंद धोंडे व वर गोटे, असा मेळ घालावा. ज्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, टोकदार स्फटिक आहेत, तो दिसावयास सुंदर असला तरी घेऊ नये. घाबरून पळणारा मासा त्यावर आपटून जखमी होतो. कोकणातील जांभा दगड सच्छिद्र असून त्यातून लाल माती सुटत राहते, म्हणून तोही वर्ज्य समजावा. हिरवट डाग किंवा धातूसारखी चकाकणारी शीर दिसणारे दगड टाकून द्यावेत. दगडावर लिंबाचा रस पिळला असता बुडबुडे आले, तर त्यात चुना आहे असे समजावे. इतर शोभेच्या माशांच्या पेटीत असा दगड टाळतात. म्बुनांच्या पेटीत तो चालतो, किंबहुना पाण्याचा सामू टिकविण्यास त्याची मदतच होते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ज्या शेतात कीटकनाशके फवारली जातात, त्या शेताच्या बांधावरील दगड कितीही सोयीचे असले तरी उचलू नयेत. आणलेले दगड ताठ ब्रशने घासून धुवावेत, त्यांवर गरम पाणी ओतावे व उन्हात वाळवावेत. दगड पाण्यात घालून उकळू नयेत. आत ओल अडकलेला दगड तापल्यावर फुटून तुकडे अंगावर उडण्याचा संभव असतो.

पाया व रचना

४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी आरंभास योग्य आहे. तीत सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. ५० ते ६० किलो दगड घातल्यास त्यांतील सुमारे २० लिटरांची जागा दगड व्यापतात. पाणी, दगड, वाळू व काच मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास भार होतो. साधे लाकडी टेबल हा भार पेलत नाही. लोखंडी चौकट किंवा विटांचा ओटा करावा, तो पातळीत असल्याची खात्री करावी व त्यावर थर्मोकोलचा पत्रा अंथरून मगच पेटी ठेवावी.

आता मुख्य मुद्दा. या लेखकाने पहिली खडकाळ पेटी एका शाळेच्या ओसरीवर मांडली, तेव्हा आधी वाळू पसरली आणि तीवर धोंडे रचले. दिसावयास रचना देखणी होती व भक्कमही वाटत होती. परंतु म्बुना मासे तोंडाने वाळू उपसतात, हे ठाऊक असूनही त्याचा परिणाम ध्यानात घेतला गेला नाही. एका नराने आपल्या कपारीखालची वाळू रोज थोडी थोडी बाहेर टाकली. बाराव्या दिवशी पहाटे वरचा आठ किलोचा धोंडा घसरून तळाच्या काचेवर आदळला. मुले शाळेत आली तेव्हा ओसरीभर पाणी पसरलेले होते. त्यांनी धावपळ करून बादलीत मासे गोळा केले. चौदांपैकी पाचच वाचले. मेलेल्यांत एक मादी होती व तिच्या तोंडात अंडी होती. त्या चुकीचे खापर दुसऱ्या कोणावर फोडण्यास जागा नव्हती.

म्हणून आधी दगड, नंतर वाळू, हा क्रम कटाक्षाने पाळावा. पेटीच्या तळावर प्रथम प्लास्टिकची जाड जाळी अंथरावी, म्हणजे दगडाचे टोक काचेच्या एकाच बिंदूवर रुतत नाही. तीवर सर्वांत मोठे, चपटे धोंडे बसवावेत. ज्यांनी ओघळीवर अनघड दगडी बांध घातला आहे, त्यांना पुढील काम सांगावयास नको : मोठा दगड खाली, प्रत्येक दगड किमान तीन ठिकाणी टेकलेला, एका थराचा सांधा वरच्या थराच्या सांध्यावर येऊ द्यावयाचा नाही, आणि डुगडुगणाऱ्या दगडाखाली गवंडी मारतात तशी चीप मारावयाची. फरक एवढाच की बांधात पोकळी राहू देत नाहीत, आणि येथे ती मुद्दाम ठेवावयाची असते. प्रत्येक थर झाल्यावर हाताने जोराने ढकलून पाहावे. जो दगड आपल्या हाताने हलतो, तो एक दिवस माशामुळेही पडेल असे धरून चालावे. वरचे दगड बुरशीनाशकरहित शुद्ध सिलिकोनने जोडल्यास अधिक बरे. ते पूर्ण सुकेपर्यंत दोन दिवस पाणी भरू नये. दगड काचेस टेकू देऊ नयेत. मागील बाजूस चार बोटे अंतर ठेवल्यास पाणी खेळते राहते व घाण साचत नाही.

कपारींविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. प्रत्येक कपारीस दोन तोंडे असावीत. एकाच तोंडाच्या गुहेत शिरलेली मादी दांडग्या नराच्या कचाट्यात सापडते आणि तिला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. काही फटी इतक्या अरुंद ठेवाव्यात की, त्यांत केवळ माद्या व पिलेच शिरू शकतील. सबंध पेटीत एकच ढीग न करता दोन ढीग करावेत व मध्ये वाळूची मोकळी पट्टी सोडावी. दोन ढिगांवरील नर एकमेकांच्या सतत दृष्टीस पडले नाहीत, म्हणजे निम्मी भांडणे आपोआप मिटतात. दगड पाण्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांशांपर्यंत न्यावेत. वरचा भाग पोहण्यासाठी मोकळा असावा. यानंतर चाळून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलेली वाळू दगडांभोवती दोन बोटे जाडीची पसरावी. शिंपल्यांचा थोडा चुरा तीत मिसळण्यास हरकत नाही. लाकडाची खोडे घालू नयेत, कारण त्यांमुळे पाणी आम्ल होत जाते. वनस्पती बहुतेक खाल्ल्या जातात, तेव्हा त्यांवर पैसे खर्चू नयेत.

दगडांवर हिरवे शेवाळ धरू लागले की, नवखा पाळणारा ते घासून काढतो. तसे करू नये. समोरची काच स्वच्छ ठेवावी व दगडांवरील शेवाळ माशांसाठी राहू द्यावे.

पाणी व मासे

जड पाणी आणि मचूळ पाणी यांत फरक आहे. बागायती भागात खतांच्या वापरामुळे विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढलेले असण्याचाही संभव असतो. यास्तव पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. पेटी भरल्यावर गाळणयंत्र चार ते सहा आठवडे चालवून, घाणीतील अमोनियाचा नाश करणारे जिवाणू त्यात वाढल्यावर मगच सर्व मासे सोडावेत. सामू जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून येथे घाई नडते. पुढे दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. वीज जाणाऱ्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

आरंभास दुकानदार ज्यास यलो लॅब म्हणतात, तो पिवळा मासा घ्यावा. तो या जमातीत सौम्य आहे. ऑरॅटस हा पट्टेदार मासा देखणा खरा, पण अतिशय भांडखोर. त्यास सौम्य माशांत मिसळू नये. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. या पेटीत पंधरा ते वीस मासे ठेवल्यास नराचा राग एकाच माशावर न निघता विभागला जातो. दोन-तीन मासे ठेवल्यास मात्र त्यांतील एकच शेवटी उरतो, असा अनुभव आहे. जुन्या पेटीत नवे मासे सोडावयाचे झाल्यास, त्या दिवशी काही दगडांच्या जागा बदलाव्यात. जुन्या हद्दी मोडल्यामुळे सर्वांनाच नव्याने जागा शोधावी लागते आणि नवागतांवर हल्ला होत नाही.

म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते व सुमारे तीन आठवडे काहीही खात नाही. तिचा जबडा फुगलेला दिसतो. ज्यांस पिलांची विक्री करावयाची आहे, त्यांनी अशी मादी अठराव्या दिवसाच्या सुमारास वेगळ्या पेटीत न्यावी. ती दगडांत लपून बसते, म्हणून दोन ढिगांपैकी एक ढीग सहज उचलता येईल असा, सिलिकोन न लावता, खालच्या दोन थरांपुरताच रचावा. पिलांच्या पेटीतही मूठभर गोटे घालावेत.

चिलापी आज आपल्या जलाशयांत स्थानिक माशांच्या जागा व्यापून बसला आहे. त्याचे हे आप्त कोणत्याही विहिरीत, शेततळ्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. नको असलेले मासे दुकानदारास परत द्यावेत. बदललेले पाणी फडक्यातून गाळून, पिले त्यात नाहीत हे पाहून, परसातील भाजीच्या वाफ्यास घालावे.