मजले दोन, मग ‘फ्लोअर’ की ‘फ्लोअर्स’?

सोसायटीच्या फलकावर सूचना लावायची आहे: ‘पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर उद्या पाणी येणार नाही.’ मराठीत ‘मजल्यावर’ हे एकवचन कोणाला खटकत नाही. दोन विशेषणे दिसली की मजले दोन, हे आपल्याला कळते. तीच सूचना इंग्रजीत लिहायला घेतली की हात अडतो. एकेक पायरी घेऊ.

सर्वांत आधी आपण वस्तू मोजू, विशेषणे नव्हेत.

वस्तू एकच असेल, तर काम सोपे. ‘अ ब्लॅक अँड व्हाइट कॅट’ म्हणजे एकच काळी-पांढरी मांजर. आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारे ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’, एकदाच येते. नाम एकवचनी, क्रियापदही एकवचनी.

वस्तू दोन असतील, तर दोन मार्ग आहेत. पहिल्यात आर्टिकल एकदा आणि नाम अनेकवचनी: ‘द फर्स्ट अँड सेकंड फ्लोअर्स’. दुसऱ्यात आर्टिकल दोनदा आणि नाम एकवचनी: ‘द फर्स्ट अँड द सेकंड फ्लोअर’. इथे ‘फर्स्ट’पुढचा ‘फ्लोअर’ अध्याहृत आहे, म्हणजे न लिहिता समजून घ्यायचा आहे.

क्रियापदाशी बरेच जण चुकतात. दुसऱ्या मार्गात ‘फ्लोअर’ एकवचनी दिसतो, म्हणून ‘इज’ लिहिले जाते. मजले दोनच आहेत, तेव्हा दोन्ही मार्गांत ‘आर’ हवे.

‘अ’ असेल तर जास्त जपायचे. दोन वेगळ्या मांजरी सांगायच्या तर ‘अ ब्लॅक अँड अ व्हाइट कॅट’. ‘अ’ म्हणजे एक, म्हणून इथे शेवटी ‘कॅट्स’ चालत नाही.

मराठीची सवय सर्वांत जास्त आड येते ती शतकांत. आपण ‘एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात’ म्हणतो आणि तसेच ‘सेंचुरी’ लिहून मोकळे होतो. ‘द’ एकदाच असेल, तर लेखी इंग्रजीत ‘इन द नाइन्टीन्थ अँड ट्वेन्टीएथ सेंचुरीज’ लिहावे. महायुद्धांचेही तसेच: ‘द फर्स्ट अँड सेकंड वर्ल्ड वॉर्स’.

दोन अपवाद लक्षात ठेवू. मध्ये ‘ऑर’ असेल, तर निवड एकाचीच होते: ‘द फर्स्ट ऑर द सेकंड फ्लोअर’. आणि जे मोजता येत नाही, त्याचे अनेकवचन करायचे नाही. गरम आणि गार पाणी म्हणजे ‘हॉट अँड कोल्ड वॉटर’च.

एका ठिकाणी नियमही पुरत नाही. ‘द ब्लॅक अँड व्हाइट कॅट्स’ म्हणजे सगळ्या काळ्या-पांढऱ्या, की काही काळ्या आणि काही पांढऱ्या? अशा वेळी सरळ नाम दोनदा लिहावे: ‘द ब्लॅक कॅट्स अँड द व्हाइट कॅट्स’. चार अक्षरे वाढतात, पण वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

आता फलक लिहू: ‘देअर विल बी नो वॉटर ऑन द फर्स्ट अँड सेकंड फ्लोअर्स टुमॉरो.’ दोन्ही मजल्यांवरची माणसे आज रात्रीच पाणी भरून ठेवतील.