थंडीत धावताना श्वास का कोंडतो?

कारण : विश्रांतीच्या वेळी नाक आत येणाऱ्या हवेला ऊब व ओलावा देण्याचे काम रीतसर बजावते, परंतु जोराने धावताना हवेची गरज मिनिटास 6 ते 8 लिटरांवरून 100 लिटरांपर्यंत चढली आणि श्वास तोंडाने घेतला जाऊ लागला, म्हणजे शुष्क, थंड हवा थेट श्वासनलिकांत शिरून तेथील आर्द्रता शोषते आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात.

लक्षणे : खोकला, छातीतील आवळलेपण आणि श्वास सोडताना उमटणारी बारीक शीळ ही बहुधा धाव संपल्यावर 5 ते 15 मिनिटांत तीव्र होऊन तासाभरात ओसरतात. बर्फावर लांब पल्ल्याच्या स्की शर्यती करणाऱ्या कसलेल्या खेळाडूंतही हा विकार पुष्कळ आढळतो. त्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती उणे 20 अंश सेल्सियसखाली घेऊ नयेत, असा दंडकच आहे.

बंदोबस्त : आरंभी 10 ते 15 मिनिटे, मधूनमधून वेग वाढवीत, अंग तापवावे, नाकातोंडावरून मफलर घ्यावा, म्हणजे सोडलेल्या श्वासाची ऊब व ओल पुढल्या श्वासास लाभते, आणि शेवटी एकदम न थांबता वेग हळूहळू उतरवावा.

ताकीद : त्रास वारंवार होत असल्यास हयगय न करता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, धावण्यापूर्वी सुमारे 15 मिनिटे घ्यावयाचा सालब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा फवारा त्यांच्याच सल्ल्याने वापरावा, आणि छातीत कळ आली, भोवळ आली अथवा ओठ निळसर पडले, तर तत्काळ थांबून रुग्णालय गाठावे.