अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि रक्तातील साखर

दिवाळी सरली की सुरतेच्या आसपास, बारडोली-चलथाणच्या ऊसपट्ट्यात, खानदेशातील तोडणीवाल्यांच्या कोप्या पडतात. अशा कोपीत एखादी बाई सातव्या-आठव्या महिन्यातच बाळंत होते. मग बाळाला मध नाहीतर गुळाचे पाणी चाटवायचे आणि आईचे दूध तिसऱ्या दिवशी, असा पुष्कळ घरांतला रिवाज. शहरातल्या लिंबायत-उधन्यातही तो आहेच. हा रिवाज आम्हांला घातक वाटतो.

पोटात असताना बाळाला साखर आईच्या रक्तातून, वारेच्या वाटे, अखंड मिळते. नाळ कापली की पुरवठा तुटतो आणि पहिल्या एक-दोन तासांत बाळाच्या रक्तातली साखर उतरते. पूर्ण दिवसांच्या बाळात लगेच इन्शुलिन कमी होते, ग्लुकागॉन आणि ॲड्रिनलिन ही संप्रेरके वाढतात, आणि यकृत आपली कणगी उघडते. पण ती कणगी भरते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर आलेल्या बाळाची कणगी जवळजवळ रिकामी, अंगावर चरबी नाही, साखर तयार करण्याची यकृताची शक्ती कच्ची, आणि संप्रेरकांची हाकही दुबळी. इन्शुलिनही कधी वेळेवर उतरत नाही. (शिरेतून ग्लुकोज दिले तर याच बाळांची साखर कधी भलतीच चढते, म्हणून घरचे अंदाज नकोत.)

मेंदूला तर साखर हवीच. १०० मिलिलिटर रक्तात ती साधारण ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात. बाळ थरथरते, निळसर पडते, दूध ओढत नाही, नुसते निपचित राहते. कधी वरून काहीच दिसत नाही. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंबच ते सांगतो. साखर फार वेळ खाली राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गाय व्याली की वासराला चीक पाजायला आपण विसरत नाही. आईचा पिवळा चीक मात्र पिळून टाकतो! तो पहिल्या तासातच द्यावा. ओढता येत नसेल तर दवाखान्यात वाटी-चमच्याने किंवा नळीने देतात. गारठलेले बाळ असलेली साखरही जाळून टाकते. बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर अपुरे पडले तेव्हा बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधली. आज ती रीत जगभर आहे.

तेव्हा १०८ ची गाडी बोलवा, आणि बाळाला गाठोड्यात नव्हे, डोक्याला टोपडे घालून आईच्या छातीशी धरूनच दवाखान्यात न्या.